सहमला राहिलेला सुतार

मस्कतला निघताना सुनेनं फोनवर सांगितलं होतं, आई, कोकम आणा, कुळथाचं पीठ आणा आणि सुकट मिळाली तर तीही आणा. माझ्या भावानं सांगितलं, काहीतरी कागद आण. आणि आत्यानं मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "तेची बातमी काढ. पण तो आयेच्या आदी गेलो असलो, तर माका सांगा नको."

कोण गेला आणि आये कोण, हे आधी सांगायला हवं.

देवगड तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, माझं माहेर. आम्ही सुतार. माझे पणजोबा भिकाजी गलबतं बांधायचे. तरुणपणी ते एका गलबतावर सुतार म्हणून चढले. नारळ, काथ्या आणि वासे भरून गलबत अरबांच्या मुलखात गेलं आणि पावसाआधी परत आलं, पण भिकाजी त्यावर नव्हते. तांडेलानं सांगितलं, तिकडे सहम नावाचं गाव आहे, तिथे एक फुटलेली होडी दुरुस्त करायला राहिलाय, पुढच्या हंगामात येईल. ते कधीच आले नाहीत. घरी त्यांची बायको आणि रांगता मुलगा. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. बायकोला सगळा गाव आये म्हणायचा.

बारा वर्षं झाल्यावर भटजींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून क्रिया करून टाका. आये म्हणाली, बातमी इल्याशिवाय नाय. म्हातारी होऊन गेली ती कपाळभर कुंकू लावूनच. म्हणून पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडे तिच्या नावानं सवाष्ण जेवते, तिची ओटी भरतात, हिरवा चुडा देतात. आणि सर्वपित्रीला सगळ्या पितरांची पानं मांडली जातात, पणजोबांचं तेवढं मांडत नाहीत. ज्याच्या मरणाची बातमी नाही त्याचं पान कसं मांडायचं?

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, तेव्हा ऐंशीच्या पुढची होती. लहानपणी ती आयेच्या कुशीत झोपायची. मरण्यापूर्वी आपल्या आजोबाचं, म्हणजे भिकाजींचं, पान मांडलेलं तिला बघायचं होतं. पण तो आधी गेला असेल, तर आये इतकी वर्षं विधवा होती आणि तिची नवमी खोटी, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

भावाचं दुखणं वेगळं. मळ्याच्या एका तुकड्याच्या सातबाऱ्यावर अजून भिकाजींचं नाव आहे आणि पुढे शेरा, परदेशी गेला, ठावठिकाणा नाही. मेल्याचा दाखला आणल्याशिवाय नाव निघत नाही, असं तलाठी म्हणतो. म्हणून भावाला कागद हवा.

माझे यजमान जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मुलगा महेश मस्कतला गॅरेजात मोठा मिस्त्री. तो म्हणाला, आई, घरात एकटी बसून काय करतेस, ये इकडे थंडीचे दिवस. दोन हजार तीन सालची ही गोष्ट.

दार्सैत

विमानतळावर अधिकाऱ्यानं माझी पिशवी उघडली आणि सुकटीचा वास सगळीकडे पसरला. मला बोलता येईना. मागची माणसं नाक धरून उभी. त्यानं पुडी हातात घेतली, वास घेतला आणि हिंदीत म्हणाला, "मछली? मेरी मा भी सुखाती है." पुडी परत नीट बांधून दिली. परक्या देशात पहिलं बोलणं झालं ते असं.

दार्सैतला महेशचं बिऱ्हाड. सगळ्या इमारती सारख्या, पांढऱ्या, आणि मागे बोडके डोंगर. डोंगरावर गवताची काडी नाही. आपल्याकडे उन्हाळ्यातही डोंगरावर करवंदीची जाळी तरी असते. इथले डोंगर भाकरी करपावी तसे दिसतात. पण संध्याकाळी त्यांच्यावर असा रंग चढतो की मी गॅलरीत उभी राहून बघत बसायची आणि भात खाली लागायचा.

जवळच कृष्णाचं देऊळ. इतकी आपली माणसं तिथे, की वाटावं जत्रेला आलोय. एकदा देवळातून एकटीच परतले आणि भलत्याच इमारतीत शिरून भलत्याच दाराची घंटी वाजवली. दार उघडलं ते एका मल्याळी बाईनं. तिला माझं कळेना, मला तिचं. तिनं मला बसवलं, चहा दिला, केळ्याचे काप दिले, आणि मग घराघरातून विचारत मला पोचवून आली. सून हसून हसून दमली. नात म्हणाली, "आजी, यू आर सो... काय म्हणतात ते, भोळी." तिला मराठी शब्द शोधावे लागतात. शोधते तरी, याचं मला बरं वाटतं.

महेशपाशी मी पणजोबांचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "आई, शंभर वर्षांपूर्वीचा माणूस. कुठे शोधायचा?" पण दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं की गॅरेजात सालेम नावाचा ओमानी आहे, कचेऱ्यांची कामं करतो, आणि तो सहमचाच. हिंदी फर्डं बोलतो.

सहम

शुक्रवारी सुट्टी, तेव्हा सकाळीच निघालो. सालेम पांढऱ्या डगल्यात, डोक्याला भरतकामाची टोपी, आणि गाडीत हिंदी गाणी. मला म्हणाला, "अम्मा, तुम सीआयडी हो क्या? इतना पुराना आदमी पकडने निकली."

मी नुसती हसले. महेश म्हणाला, "मिळेल का रे?"

"इन्शाल्ला मिलेगा. नहीं मिला तो मछली खा के वापस."

रस्ता सरळ. एका बाजूला दूरवर डोंगर, दुसऱ्या बाजूला खजुराच्या बागा आणि त्यांच्यामागे समुद्र. बागा बघून मला गावच्या माडांची आठवण झाली, पण माड वाऱ्यावर वाकतो, हे झाड वाकत नाही. ताठ उभं. सालेमनं सांगितलं की विहिरींत खारं पाणी येऊ लागलंय, पंपांनी फार उपसलं म्हणून. समुद्राकडच्या बागांची टोकं वाळलेली दिसत होती.

किनाऱ्यावर वाळूत बारीक मासे पसरून ठेवलेले, मैलभर चांदी सांडल्यासारखी. ते गुरांना घालतात म्हणे. महेशला म्हटलं, आपल्याकडे माणसांना पुरत नाहीत. सालेम म्हणाला, "अम्मा, यहाँ की गाय भी कोंकणी है."

त्यानं आम्हाला एका गृहस्थाकडे नेलं. गावच्या बागांच्या जुन्या नोंदी त्यांच्याकडे असतात. कोणाची बाग, कोणाची विहीर, कोणाकडून खजुराच्या पिकावर किती जकात यायची, असं सगळं. जकात हा शब्द तिथेही हाच. शुक्रवार असूनही त्यांनी आमच्यासाठी दार उघडलं. आधी कॉफी, मग खजूर, मग विचारपूस, आमच्या तब्येती, आमच्या गावाच्या तब्येती. कामाचं नाव शेवटी. आपल्याकडे तलाठ्याच्या दारात उभं राहून पाय दुखतात, इथे बसून बसून दुखले.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. भिकाजी नाव नाही. हिंदी माणसाच्या नावावर बाग नाही, विहीर नाही, वावभर जमीनसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही तळहात झटकले. "खलास."

येताना सालेमनं कबरस्तान दाखवलं. मातीचे उंचवटे, डोक्याशी एक दगड, पायाशी एक. कोणावरही नाव नाही, श्रीमंतावर नाही आणि गरिबावरही नाही. मी बाहेरच उभी राहिले. यातला एखादा असेल तर तो कुठला, हे कोण सांगणार? वारा समुद्राकडून येत होता आणि सगळे दगड सारखेच दिसत होते. मला वाटलं, आयेनं निदान दारातून खाडी तरी बघितली. मी बघू कुठे?

मासे खाऊन परत आलो. सालेमनं सांगितलं होतं तसंच झालं.

गाला

पुढच्या आठवड्यात महेश डबा विसरून गेला, म्हणून सुनेबरोबर टॅक्सीनं गाल्याला, त्याच्या गॅरेजवर गेले. सगळीकडे गॅरेजं आणि पत्र्याच्या शेड, हवेत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. महेश गाडीखाली होता. आम्हाला खुर्च्या दिल्या. सालेम समोर चहा पीत कुरकुरत होता.

त्याच्या आजोबांची बाग चुलत्यानं विकली. पण बागेतली दोन झाडं आजीची होती, ती विकली गेली नाहीत. बाग दुसऱ्याची झाली, झाडं यांचीच राहिली. आता दरवर्षी खजूर उतरवायला गेलं की नवा मालक तोंड वाकडं करतो. "जमीन उसकी, झाड हमारा. दो झाड के लिये हर साल लडाई."

मी सुनेला म्हटलं, आपल्याकडेही हेच. आमच्या मळ्यात दोन आंबे आहेत, ते पलीकडच्या घराचे. सातबाऱ्यावर जमीन आमची, आणि इतर हक्कांत त्यांची झाडं. मे महिन्यात ते टोपल्या घेऊन येतात आणि आम्ही गप्प बसून बघतो. माझी आई म्हणायची, जमीन आमची, सावलीय आमची, आंबो तेवढो त्येंचो.

हे बोलता बोलता माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी उठून महेशच्या गाडीपाशी गेले आणि वाकून म्हटलं, "महेश, आपण जमीन विचारली रे. झाड विचारलंच नाही."

त्याचं काळं झालेलं तोंड गाडीखालून बाहेर आलं. "काय?"

"परक्या माणसाला जमीन कोण देणार? झाड देतील. गरीब माणूस झाडच घेईल."

सालेम आमच्याकडे बघत होता. त्याला हिंदीत सांगितल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "वल्ला, अम्मा! यल्ला, इस जुम्मे को फिर चलो."

मी इतक्या माणसांसमोर एवढं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. घरी येईपर्यंत कान गरम होते.

पुन्हा सहम

या खेपेस त्या गृहस्थांना फार वेळ लागला नाही. किनाऱ्याजवळच्या एका बागेची नोंद काढली. जकात ठरवताना तिथली सगळी झाडं मोजलेली, एक सोडून. त्या झाडापुढे लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि सालेमनं सांगितलं, हिंदच्या सुतारानं धर्माला दिलेलं झाड. नाव नाही. नुसतं, हिंदचा सुतार.

सालेमनं समजावलं, "अल्ला के नाम पे छोड दिया. कोई बेच नहीं सकता. उसका जकात भी नहीं."

म्हणजे आपल्याकडे देवाला वाहिलेला माड असतो तसंच. पण हिंदचे सुतार तिथे बरेच येऊन गेले असतील. हा आमचाच कशावरून? महेशही तेच म्हणाला. त्या झाडाची व्यवस्था हमूद नावाच्या म्हाताऱ्याकडे होती. आम्ही त्याच्या बागेत गेलो.

हमूदबाबा झाडाखाली चटईवर बसले होते. पांढरी दाढी, हातात काठी, डोळ्यांत हसू. सालेम त्यांना चाचा म्हणत होता. पुन्हा सगळ्यांच्या तब्येती विचारून झाल्या. बाबांनी स्वतः किटलीतून छोट्या वाटीत कॉफी ओतली आणि महेशपुढे धरली. महेशनं ती डाव्या हातानं घेतली.

सालेम एकदम दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, सीधा हाथ!" तिथे डाव्या हातानं घेणं म्हणजे अपमान. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. महेश लहानपणापासून डावरा. माझे वडीलही डावरे होते, आजोबाही. माझ्या आईनं किती चापट्या मारल्या त्याला, तरी घाईत डावाच हात पुढे येतो.

पण हमूदबाबा रागावले नाहीत. ते महेशच्या हाताकडे बघत राहिले. मग अरबीत काहीतरी बोलले आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

सालेम म्हणाला, "चाचा बोलते हैं, नज्जार भी ऐसा ही करता था. सब उसको डांटते थे."

नज्जार म्हणजे सुतार. हमूदबाबांनी त्यांना बघितलं होतं. लहानपणी ते त्यांच्या शेडमध्ये भुसा गोळा करायला जात. म्हातारा सुतार फळी पायाच्या अंगठ्याखाली दाबायचा आणि डाव्या हातानं वाकस चालवून ती तासायचा. नारळ आणि काथ्या घेऊन आलेल्या गलबतातून उतरला होता, एक फुटकी होडी नीट करायला. हे ऐकून महेशनं माझ्याकडे बघितलं. मला काही दिसत नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले.

मी विचारलं, "परत का नाही गेले?" मराठीतच विचारलं. महेशनं सालेमला, सालेमनं बाबांना.

बाबांनी काठीनं वाळूत रेघ ओढली. सांगू लागले. पहिल्या होडीमागून दुसरी आली, मग तिसरी. हंगाम आला की लोक चेष्टा करायचे, काय नज्जार, या खेपेस निघालास वाटतं? तो म्हणायचा, हातातली होडी पुरी होऊ दे. मग त्यानं तिथलीच बाई केली, नाव अब्दुल्ला घेतलं. एक मुलगी झाली. मुलीचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर जंजिबारला गेली, जहाजातून. तिची बातमी आली नाही. त्यानंतर चेष्टा करायची कोणाला हिंमत झाली नाही. बायको तापानं गेली. तेव्हा बाबांचे वडील त्याला म्हणाले, आता तुझं इथे कोण आहे, जा आपल्या मुलखात. तो म्हणाला, मुलगी आली आणि मी नसलो तर?

बाबा हे अगदी सहज सांगत होते. मध्येच त्यांनी खजुराची थाळी माझ्याकडे सरकवली.

त्या मुलीसाठीच झाड धर्माला दिलं होतं. किनाऱ्यावरून जो लांबच्या प्रवासाला निघेल त्याला त्या झाडाचा खजूर द्यायचा, वाटेत खायला. मूळचं झाड पडलं, त्याच्याच कोंबाचं आता आहे. मी विचारलं, आता होड्या कुठे जातात? सालेम म्हणाला, चाचा अजून देतात. सहममध्ये बंगाली, केरळी, बिहारी मजूर आहेत, सुट्टीवर गावी निघाले की येऊन पिशवी घेऊन जातात. "पूरे सहम को मालूम है. घर जाना है? पहले चाचा के पास जाओ."

त्यांनी झाड दाखवलं. बाकीच्या झाडांसारखंच एक. समुद्राच्या बाजूच्या झावळ्या पिवळ्या पडलेल्या. मी हात लावला. खवल्याखवल्यांचं खरखरीत खोड. मला वाटलं होतं, इथे आल्यावर रडू येईल, राग तरी येईल. आयेला सोडून इथे दुसरा संसार केलेल्या माणसावर राग यायला हवा होता. पण मला नुसतं घरी जावंसं वाटलं, आणि ते माझंच वाटणं होतं की त्यांचं, हे कळेना.

चटईवर परत आल्यावर महेशनं विचारलं, ते गेले कधी?

बाबा म्हणाले, मोठ्या लढाईचे दिवस होते. तांदूळ येत नव्हता, कापड मिळत नव्हतं, जहाजं बंद. मी दहाबारा वर्षांचा. मय्यताला पाणी मीच आणलं.

महेश माझ्याकडे वळला. "आई, आये कधी गेली?"

"रेशन सुरू झालं तेव्हा. श्रावणात."

"म्हणजे एकाच सुमाराला!" तो पुढे सरसावला. "थांब. खजूर उतरवायचे दिवस होते की थंडी होती, एवढं कळलं, तरी कोण आधी ते सांगता येईल. सालेम, चाचा को पूछो, मौसम कौन सा था. और लडाई का कौन सा साल, शुरू का या आखिर का."

सालेमनं विचारलं सुद्धा. हमूदबाबांनी डोळे मिटले, आठवू लागले. त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

माझ्या यजमानांची बातमी मला शेजारणीनं दिली होती. ती दारात उभी राहिली आणि तिनं तोंड उघडायच्या आधीचा क्षण मला अजून दिसतो. तोपर्यंत मी सवाष्ण होते. आये त्या क्षणातच आयुष्यभर उभी राहिली होती.

मी महेशचा हात धरला. "नको."

"अगं, आत्ता कळेल."

"नको म्हटलं ना."

"क्या हुआ अम्मा? चाचा को सब याद है," सालेम म्हणाला.

मी हमूदबाबांकडे बघून मान हलवली. नाही, नको. हाताचे दोन्ही पंजे पुढे केले, वाढणाऱ्याला पुरे म्हणतो तसे. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या वाटीत आणखी कॉफी ओतली. नको असेल तर वाटी हलवायची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी ओतावं आणि मी प्यावं, असं किती वेळ चाललं. शेवटी सालेमनंच माझ्या हातातली वाटी घेऊन हलवली.

मग घरातल्या बायकांनी मला आत नेलं. भाषा नव्हती, तरी त्या खूप बोलल्या. माझ्या बोडक्या कपाळाकडे बघून एकीनं भुवया उंचावून विचारलं. मी वर बोट दाखवलं. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून तसंच वर बोट दाखवलं. आम्ही दोघी तशाच बसलो. नंतर तिनं निखाऱ्यावर ऊद टाकला, माझ्या पदराखाली धूर धरला आणि माझ्या हातावर गुलाबपाणी घातलं. घरी पोचेपर्यंत साडीला तो वास होता.

निघताना हमूदबाबांनी खजुराची पिशवी दिली. महेश पैसे काढू लागला, तसे ते काठी उगारून धावले. सालेम म्हणाला, "इसको तो दोनों हाथ से मार पडेगी."

 परतताना बरका गाव ओलांडल्यावर महेश म्हणाला, "मामाला काय सांगणार? कागदावर तर नावसुद्धा नाही."

"नाही म्हणून सांगेन."

"मग आई, एवढं येऊन शेवटचं का नाही विचारू दिलंस?"

मी म्हटलं, "आत्यानं विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्याच्या पणजोबांच्याही बापाचा मुलूख काचेतून मागे जात होता. मी खिडकीला डोकं टेकून दिसेनासा होईपर्यंत समुद्र बघितला.

घर

आंब्याला मोहोर होता तेव्हा गावी परत आले. भाऊ अंगणातच म्हणाला, "कागद?" मी नाही म्हटलं. "मगे गेलंस कित्याक?" म्हणून तो मळ्यात निघून गेला. सातबाऱ्यावर भिकाजी अजून आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. तलाठ्याच्या दप्तरात तरी ते गावी आहेत.

आत्यापाशी लगेच जायचा धीर झाला नाही. दोन दिवस मी कामं काढत राहिले. तिसऱ्या दिवशी तिनंच हाक मारली. "हय बस. सांग."

मी सगळं सांगितलं. फुटकी होडी, डावा हात, अंगठ्याखालची फळी. ती डोळे मिटून ऐकत होती. तिथे नाव बदललं हे सांगताना मी अडखळले. ती म्हणाली, "नाव बदाल्ला म्हणान हात बदाल्लो काय? पुढे सांग."

दुसऱ्या बायकोचं आणि तिला झालेल्या मुलीचं सांगितलं.  आत्या म्हणाली, "जेवक घालुक कोण तरी होता म्हणजे." थोड्या वेळानं, "चेडवाचा काय झाला?" मी जंजिबारचं सांगितलं, आणि मुलगी आली आणि मी नसलो तर, हे त्यांचं बोलणंही सांगितलं. आत्यानं पदर तोंडावर घेतला. पदराआडूनच म्हणाली, "मगे कळला असतला तेका, आयेचा कसा झाला ता."

मग तो प्रश्न आला. "गेलो कदी?"

"लढाईच्या दिवसांत. तांदूळ मिळत नव्हता तेव्हा."

आत्यानं डोळे उघडले. तिला हिशेब करायला वेळ लागला नाही. "तेवाच आये गेली." तिनं माझं मनगट धरलं. हात सुकलेला, पण पकड घट्ट. "आदी कोण?"

"माहीत नाही."

"माझ्याकडे बघ."

मी बघितलं. "विचारलंच नाही, आत्या. सांगणारा होता समोर. मी नको म्हटलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी मी काही लपवलंय का ते बघायची तशी. मग तिनं मनगट सोडलं. "बरा केलंस. आयेची नवमी हा तशीच ऱ्हवांदे. आणि सर्वपित्रीक तेचा पान मांडा. भटाक नाव भिकाजीच सांगा."

उठायला हात मागितला. मी उठवलं. तिनं केसांची गाठ सोडली. पांढरे, विरळ केस खांद्यावर आले.

"काय करतेस आत्या?"

"पानी तापय. न्हाऊक व्हया. घरातलो मानूस गेलो, तेची आंघोळ करूक नको?"

मी चूल पेटवली. साठ वर्षांची आंघोळ, असं मनात आलं. न्हाणीत तिला चौरंगावर बसवलं आणि डोक्यावरून पाणी घातलं. ती सारखी "घाल, घाल" म्हणत होती. अंग पुसून लुगडं नेसवताना म्हणाली, "तुवाय न्हा. तुझो पणजो तो."

मी म्हटलं, "मला कळून महिना झाला, आत्या."

"आमच्या घरात बातमी आज इली," ती म्हणाली.

मी दुसरी घागर चुलीवर चढवली.